खुलं पत्र : वही लिहिणाऱ्यांचा वर्ग का बंद केलात?

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
तसंच कोल्हापुरातले सर्व मालक, भागीदार, अडते, फौंड्रीवाले आणि पतसंस्थांचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये संघटनेचं परिपत्रक आमच्या ऑफिसात आलं. त्यात वर्गणीची आठवण होती, स्नेहमेळाव्याची तारीख होती, गाड्या कुठं लावाव्यात याच्या सूचना होत्या. आणि अगदी खाली, सहीच्या जरा वर, दोन ओळी होत्या. हिशेब विभागातल्या कर्मचाऱ्यांसाठी दर महिन्याला होणारा वर्ग अल्प प्रतिसादामुळे बंद करण्यात येत आहे, सर्व माहिती ऑनलाइन उपलब्ध आहे, तरी सभासदांनी नोंद घ्यावी. नोंद घेण्याचं काम ऑफिसात माझ्याकडंच असतं, त्यामुळं ती मी घेतली. उत्तर मात्र फाइलला न लावता सगळ्यांसमोर द्यायचं ठरवलं.

संघटनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लिहिलंय त्यांना कळेल. ज्या संघटनांनी असा वर्ग कधी सुरूच केला नाही, त्यांनी "हे आमचं नव्हे" म्हणून पान उलटू नये. तुम्ही निदान काही वर्षं तो चालवलात. हॉल दिलात, चहा दिलात, शिकवणाऱ्यांना सन्मानानं बोलावलंत. त्याचे आभार आधी मानते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते गोड नाही.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपचे हिशेब बघते. त्याआधी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात होते. शिक्षण बी.कॉम. आम्हाला कुणी अकाउंटंट म्हणतं, जुने व्यापारी अजून दिवाणजी म्हणतात, आणि डिस्पॅचची पोरं "टॅलीवाल्या मॅडम". शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात, गुजरीच्या सराफी पेढ्यांवर, हुपरीच्या चांदीवाल्यांकडं, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, गावोगावच्या दूध संस्थांत आणि पतसंस्थांत माझ्यासारखी माणसं बसलेली असतात. बिल काढणं, चलन भरणं, रिटर्नचा डेटा तयार करणं, बँकेला स्टॉक स्टेटमेंट देणं, नोटीस आली की पहिल्यांदा ती उघडून घाबरणं, ही सगळी आमची कामं.

आता वेळ कुठली निवडलीत ते बघा. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा गेला आणि 2025 चा नवा आला. आधीचं वर्ष आणि आकारणी वर्ष ही जुनी जोडी संपून एकच 'कर वर्ष' आलं. टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराचं, तर सगळं घरच बदललं. 194सी म्हणजे कंत्राटदार, 194जे म्हणजे प्रोफेशनल फी, 194आय म्हणजे भाडं हे आम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येत होतं. पगारावरची कपात सोडली तर ते सगळं आता एकट्या कलम 393 मधल्या तक्त्यांत जाऊन बसलंय. चलन भरताना चुकीची ओळ निवडली की तो पैसा जुळवायला पुढं किती हेलपाटे पडतात, ते हेलपाटे घालणाऱ्यालाच ठाऊक. ज्या महिन्यात आम्हाला वर्गाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच महिन्यात तुम्ही वर्गाला कुलूप लावलंत.

आणि हे काही एका वर्षापुरतं नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा "एकदा शिकलं की झालं" असं आम्हालाही वाटलं होतं. तसं झालं नाही. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, 1 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं तेव्हा ते 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होतं, म्हणून इथं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग 100, 50, 20, 10 असं उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 ला ते 5 कोटींवर आलं आणि उद्यमनगराच्या दारात उभं राहिलं. 1 जानेवारी 2022 पासून समोरच्यानं बिल अपलोड केलं नाही आणि ते टूबीत, म्हणजे पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीत, दिसलं नाही, तर आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. गुळाच्या बाबतीत 18 जुलै 2022 पासून वेगळीच गंमत. 30 किलोच्या सुट्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, कर नाही, पण तोच गूळ एक किलोच्या बॉक्समध्ये भरून वर लेबल लावलं की 5 टक्के. एकाच दुकानात, एकाच गाडीतून उतरलेला माल, आणि बिलं दोन प्रकारची. 22 सप्टेंबर 2025 ला 12 आणि 28 चे दर जवळपास सगळ्या मालावरून गेले, तेही महिना चालू असताना. आदल्या दिवशी चलनावर पाठवलेल्या मालाचं बिल दुसऱ्या दिवशी काढायचं तर दर कुठला लावायचा, हे विचारायला त्या आठवड्यात मला किती फोन आले असतील! मी काही तज्ज्ञ नाही. वर्गाला जात होते, एवढंच.

भंगाराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती कोल्हापूरची आहे. आमच्या फौंड्र्या भंगारावर चालतात. हे भंगार पुष्कळदा अशा छोट्या विक्रेत्याकडून येतं ज्याच्याकडं जीएसटी नंबर नसतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून नियम झाला, की नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर त्यावरचा कर घेणाऱ्यानं भरायचा. यालाच आरसीएम म्हणतात. तोही क्रेडिटमधून वळता करायचा नाही, रोख भरायचा. 1 नोव्हेंबरपासून त्यात आणखी एक भर पडली. अशा खरेदीचं बिल आपणच आपल्या नावानं 30 दिवसांच्या आत तयार करायचं. आणि विक्रेता नोंदणीकृत असेल तर भलतंच प्रकरण. अडीच लाखांवरच्या व्यवहारात 2 टक्के जीएसटी टीडीएस कापायचा, त्यासाठी वेगळी नोंदणी घ्यायची, महिन्याच्या 10 तारखेला वेगळं रिटर्न भरायचं.

महिन्याला 4 लाखांचं भंगार घेणाऱ्या कारखान्याचा हिशेब मांडून बघा. 18 टक्क्यांनी 72,000 रुपये कर रोख भरायचा आणि त्याच महिन्यात त्याचं क्रेडिट घ्यायचं. खिशातून शेवटी काहीच जात नाही. पण भरलाच नाही, तर वर्षाला 18 टक्क्यांनी त्या एका महिन्याच्या करावर दरमहा 1,080 रुपये व्याज चढत जातं, आणि पुढच्या प्रत्येक महिन्याचं त्यावर वेगळं. हे व्याज परत मिळत नाही. नियम ज्याला वेळेवर कळला त्याला शून्य खर्च, ज्याला कळला नाही त्याला भुर्दंड.

आमच्या गल्लीत एका युनिटमध्ये एक मुलगा आहे, कामाला चोख. त्याला हा नियम मार्चमध्ये कळला, तोही कुणीतरी पुढं ढकललेल्या मेसेजमधून. तोवर थकलेल्या कराचं व्याज त्याच्या पगारातून हप्त्यानं कापलं गेलं. आता यातली मेख ऐका. वर्गात हा विषय नियम लागू झाला त्याच महिन्यात झाला होता. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवलं होतं. तो मुलगा त्या शनिवारी यायला निघालाही होता. गाडी भरायची होती म्हणून मालकांनी सोडलं नाही.

तुमच्या 'अल्प प्रतिसादा'चं कारण हे आहे.

वर्ग शनिवारी दुपारी चारला. त्याच वेळी आठवड्याचा पगार वाटायचा असतो, शेवटच्या गाडीची ई-वे बिलं काढायची असतात. परिपत्रक मालकांच्या टेबलावर यायचं आणि तिथंच राहायचं. अकाउंट्सच्या माणसानं स्वतःहून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुम्ही गेलात तर बिलं कोण काढणार?" माझे मालक सोडत होते, हे सांगायला हवं, नाहीतर उद्या ऑफिसात त्यांना तोंड दाखवता येणार नाही. पण सगळ्यांचे मालक तसे नव्हते. ज्यांनी माणसं पाठवली नाहीत, त्यांच्यापैकीच काहींनी कार्यकारिणीत बसून माणसं येत नाहीत असा ठराव केला. इतिवृत्तात तो एकमतानं झाला असं लिहिलंय. आमचं मत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं एकमत व्हायला अडचण आली नसावी.

आता 'सर्व माहिती ऑनलाइन' याविषयी. आहे, खरंच आहे. रात्री जेवणं आटोपली की मीही मोबाइल घेऊन बसते. पाऊण तासाचा व्हिडिओ, पहिली दहा मिनिटं "बडा बदलाव" म्हणून ओरडण्यात, मग कलम वाचून दाखवणं, मग चॅनल सबस्क्राइब करा. सांगणारा हुशार असतो, पण त्याच्यासमोर मी नसते. आमचं जॉबवर्कचं चलन त्याला दाखवता येत नाही. कास्टिंग आमच्याकडं मशिनिंगला येतं, आम्ही त्यातलं काही पुढं दुसऱ्याकडं ग्राइंडिंगला देतो, तिथून माल थेट पार्टीकडं जातो. माल वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, ही मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची? हा प्रश्न पडद्याला विचारून उपयोग नसतो. खाली प्रतिक्रियेत लिहिलं तर दोन दिवसांनी कुणीतरी अंगठा दाखवतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं तर बोलायलाच नको. महिन्याची 20 तारीख आली की मुदतवाढीचं परिपत्रक फिरायला लागतं. वर राजमुद्रा, खाली सही, सगळं व्यवस्थित. फक्त ते तीन वर्षांपूर्वीचं असतं आणि तारखेची ओळ कापलेली असते. वर्गात शिकवायला येणारे निवृत्त करसल्लागार काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, अधिसूचनेचा नंबर आणि तारीख ज्यावर नाही तो कागद वाचायचाच नाही. या एका वाक्यानं आमचा जितका मनस्ताप वाचला तितका कुठल्या सॉफ्टवेअरनं वाचवला नसेल.

तिसरं एक कारण परिपत्रकात नाही, पण बोलताना ऐकायला मिळतं. "शिकवलं की सोडून जातात." तुमच्यापैकी कितीजणांनी गेल्या काही वर्षांत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशिन, घेतलं? मशिन आलं की ऑपरेटरला मशिनवाल्याकडं शिकायला पाठवता, जाण्यायेण्याचं, राहण्याचं भाडं देता. तोही सोडून जाऊ शकतो. जातोही. म्हणून कुणी त्याला न शिकवता पन्नास लाखांच्या मशिनवर उभं करत नाही. दरमहा लाखो रुपयांचा कर ज्याच्या बोटांखालून जातो, त्याच्या बाबतीत मात्र "बघून बघून येईल" हे धोरण. आणि सोडून जाण्याचं म्हणाल तर माणसं शिकवल्यामुळं जात नाहीत. दरवर्षी काम वाढतं, पगार तिथंच राहतो, आणि शेजारचा हजार-दोन हजार जास्त देतो, म्हणून जातात. या विषयावर वेगळं पत्र होईल, आज नको.

मालक मंडळींचा आणखी एक भरवसा असतो, "आपले सीए साहेब आहेत ना." आहेत, आणि म्हणूनच सांगते. प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सीएला त्यांच्या संस्थेच्या नियमानुसार तीन वर्षांच्या गटात 120 तासांचं निरंतर शिक्षण घ्यावं लागतं. परीक्षा पास होऊन वीस वर्षं झाली तरी त्यातून सुटका नाही. जगभरातल्या अशा संस्थांच्या महासंघानं त्यासाठी शैक्षणिक मानक क्रमांक 7 केलेलं आहे. म्हणजे या पेशात शिकणं कधी संपत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. फक्त ही सक्ती सही करणाऱ्यापाशी येऊन थांबते. सहीच्या आधी वर्षभर ज्या हजारो नोंदी होतात, त्या करणाऱ्याच्या वाट्याला किती तास येतात? तुमचा वर्ग होता तेव्हा महिन्याला दोन. आता शून्य.

आणि तुमचा ऑडिट रिपोर्ट एकदा सावकाश वाचून बघा. त्यासोबतच्या ताळेबंदावर दरवर्षी सही करता. रिपोर्टात स्वच्छ लिहिलेलं असतं, की हिशेब तयार करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, आमचं काम त्यावर मत देण्याचं. व्यवस्थापन म्हणजे तुम्ही. सीए साहेबांनी हे कागदावर आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा हिशेब लिहिणाऱ्याला तयार करणं हे काम त्यांच्या गळ्यात घालता येणार नाही. सप्टेंबरमध्ये त्यांच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते, तिथं आमच्या शंका कोण सोडवणार? त्यांच्याकडची आर्टिकलशिपची, म्हणजे सीएचं काम शिकणारी, मुलंच आम्हाला विचारतात, "मॅडम, हे कुठल्या हेडला टाकलंय?"

या वर्गातून काय मिळालं, त्याची दोन उदाहरणं देते. ती तुमच्या फायद्याची आहेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगा गावात शिरली. शिरोलीजवळ हायवे बंद, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत दुकानांत पाणी. दुसऱ्या पुरानंतर वर्ग पुन्हा भरला तेव्हा काकांनी ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि विचारलं, कुणाकुणाचा माल गेला? बरेच हात वर झाले. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाचे हिशेब लिहिणारे गृहस्थ विम्याच्या दाव्याचे कागद पिशवीतून घेऊनच आले होते. खरेदीची बिलं चिखलानं तपकिरी झालेली, एकमेकांना चिकटलेली, त्यांनी ती घरी दोरीवर वाळत घातली होती. दाव्यात मालाची किंमत कर वगळून धरलेली. का, तर जीएसटीचं क्रेडिट मिळालेलंच आहे. काकांनी फळ्यावर कलम 17(5) लिहिलं. नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट ठेवता येत नाही, ते परत करावं लागतं. म्हणजे तो कर आता दुकानाचा खर्च झाला. पॉलिसीत माल करासह धरलेला असेल, तर तो दाव्यात मागायला हवा. ते कागद अजून सर्व्हेअरकडं गेले नव्हते. त्या गृहस्थांनी तिथंच बसून नवा तक्ता केला, आम्ही दोघी-तिघी बेरजा तपासत होतो. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

त्याच वर्गात बॅकअपचा विषय निघाला. संगणक वरच्या मजल्यावर नेला म्हणजे डेटा वाचला, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवणारेही होते. तेव्हापासून आमच्या ऑफिसचा एक बॅकअप रोज गावाबाहेर जातो.

दुसरं उदाहरण नाजूक आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू ठेवणं बंधनकारक झालं. कुठली नोंद कधी केली, कधी बदलली, याचा माग त्यात राहतो आणि तो बंद करता येत नाही. "तेवढी एक नोंद मागच्या तारखेला टाका की" हे वाक्य ज्या ऑफिसात कधीच उच्चारलं गेलं नाही असं ऑफिस मला तरी माहीत नाही. पूर्वी आम्ही मान खाली घालून टाकायचो. वर्गात तो नियम शिकल्यावर निदान एवढं म्हणता यायला लागलं, की साहेब, टाकते, पण ती आज टाकली हे ऑडिटरला दिसणार. मग साहेब स्वतःच म्हणतात, राहू दे. शिकलेला अकाउंटंट मालकाला अडवतो असं काहींना वाटतं. अडवतो, पण खड्ड्याच्या अलीकडं.

पैसे येण्याच्या बाजूचंही बोलते, कारण ते ऐकायला सगळ्यांना आवडतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत भागवायचं, नाहीतर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच आयकरात धरता येतो. 43बी(एच) म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, तो 2023 च्या अर्थसंकल्पातला हा बदल. कोल्हापूरचे निम्मे कारखाने मोठ्या कंपन्यांना माल देतात आणि नव्वद-नव्वद दिवस पैशाची वाट बघतात. 1 एप्रिल 2025 पासून उलाढालीच्या मर्यादा वाढल्या, सूक्ष्मसाठी 10 कोटी आणि लघुसाठी 100 कोटी. म्हणजे काल जे या संरक्षणाबाहेर होते त्यातले काही आज आत आलेत. उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर छापणं, पुरवठादार म्हणून आपली वर्गवारी गिऱ्हाइकाला लेखी कळवणं, मुदत टळली की आठवणीचं पत्र पाठवणं, ही कामं कोण करणार? तुम्ही दुकानावर असता, शॉपवर असता. ती आम्हीच करणार, पण करायची असतात हे कुणीतरी सांगायला हवं ना.

बायकांचं एक वेगळं सांगायचं राहिलं. आमच्या कामात बायका पुष्कळ आहेत. मुलं लहान असताना पाच-सात वर्षं घरी थांबून पुन्हा कामाला लागलेल्या तर कितीतरी. व्हॅटच्या काळात काम सोडलं आणि जीएसटीत परत आलं, तर ओळखीचं फक्त कॅल्क्युलेटर उरतं. हा वर्ग म्हणजे त्यांना परत उभं राहायला मिळालेली जागा होती. ती गेली, की अशी बाई "डेटा एन्ट्री"च्या पगारावर अडकून राहते आणि काम मात्र अकाउंटंटचं करते.

आता मागण्या. सरळ लिहिते.

1. वर्ग पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू करा. महिन्यातून एकदा, 22 ते 28 या तारखांच्या दरम्यान, दोन तास. शनिवारी दुपारी चारला नको, सकाळी दहाला ठेवा.

2. वर्गाची वेळ ही कामाची वेळ धरा आणि तसं परिपत्रकात लिहा. रजा टाकून, पगार कापून शिकायला कुणी येणार नाही, आणि का यावं?

3. विषय ठरवताना आम्हाला विचारा. फौंड्री आणि मशिनशॉप, गूळ व धान्य बाजार, सराफी, पतसंस्था, प्रत्येकाचे प्रश्न वेगळे आहेत. सगळ्यांना एकच मुंबईचं व्याख्यान ऐकवण्यात अर्थ नाही. वर्ग मराठीतच हवा. कायद्याचे इंग्रजी शब्द आम्हाला येतात, अडतं ते उदाहरणापाशी.

4. प्रत्येक वर्गाचं एक पानी टिपण द्या. त्यावर अधिसूचनेचा नंबर आणि तारीख असू दे. ज्यांना येता आलं नाही त्यांना ते पाठवा.

5. हजेरीवर प्रमाणपत्र वाटू नका. वर मी ज्या मानक क्रमांक 7 चा उल्लेख केला, त्यातसुद्धा नुसते तास मोजण्याला पर्याय आहे, माणसाला काय येऊ लागलं ते मोजायचा. वर्षातून एकदा एक खरं काम करायला द्या, टूबी जुळवून दाखवा म्हणा, एका नोटिशीला उत्तर लिहायला सांगा. जमलं तर शिवाजी विद्यापीठाला किंवा गावातल्या एखाद्या कॉमर्स कॉलेजला सोबत घ्या, म्हणजे त्या कागदाला बाहेरही किंमत राहील.

6. जो नवा नियम अकाउंटंटला कुणी कळवला नव्हता, त्याचं व्याज आणि लेट फी त्याच्या पगारातून कापू नये, असा ठराव करा. हा ठराव सभासदांवर बंधनकारक होणार नाही, हे मलाही कळतं. पण इतिवृत्तात राहू दे.

7. प्रशिक्षण समितीत आमच्यातली दोन माणसं घ्या. त्यातली एक बाई असावी.

खर्चाचं म्हणाल तर हॉल संघटनेचा आहे, काका पेट्रोलपुरते पैसे घेत होते, राहिला चहा. तो आम्ही वर्गणी काढून करू. स्नेहमेळाव्याच्या जेवणाचं बिल मी पाहिलेलं नाही, त्यामुळं तुलना करत नाही.

हे गाव शिक्षणाच्या बाबतीत भिडस्त कधीच नव्हतं. 1917 मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाहूपुरीची पेठही त्यांनीच 1895 मध्ये वसवली. त्याच पेठेतल्या पेढ्यांवर आम्ही बसतो. माणूस वर्गाला न पाठवणाऱ्या मालकाला दंड करा, असं मी म्हणत नाही, जरी उद्यमनगरात ही सूचना हसत हसत दोघांनी केली. आणि हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळवायला कोल्हापूरनं चार दशकांहून जास्त वाट पाहिली, ते 2025 च्या ऑगस्टमध्ये आलं. आमची मागणी हॉलच्या किल्लीची आहे. तिला इतका वेळ लागू नये.

या पत्रावर मी एकटीची सही करत असले, तरी उद्यमनगर, शाहूपुरी आणि शिरोलीतल्या सहकाऱ्यांनी ते वाचून त्यात भर घातली आहे. त्यांची नावं देत नाही. ती देण्याची भीती वाटू नये असं वातावरण झालं, तर पुढच्या पत्राला नावांची यादी जोडू.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आम्हाला बोलवावं. कधीही बोलवा, येऊ. फक्त महिन्याची 7, 10, 11, 15 आणि 20 या आमच्या भरण्याच्या मुदतीच्या तारखा सोडून.

आपली,
एक अकाउंटंट
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर